विश्लेषण : गावी जाताना पोपट कुणाकडे ठेवायचा? विश्वासू सांभाळ कसा शोधाल?

दिवाळीत गावी जाण्यासाठी रेल्वेची तिकिटे दोन महिने आधी काढली जातात. घरातला पोपट कुणाकडे ठेवायचा, हे मात्र अनेकदा निघायच्या आदल्या दिवशी ठरते. शेजारच्या काकूंकडे पिंजरा, दाण्यांची पिशवी आणि ‘मिरची आवडते हं त्याला’ एवढी सूचना दिली की झाले, असे मानले जाते. शहरांत कुत्र्या-मांजरांसाठी बोर्डिंग आणि पेट सिटरची सोय वाढली आहे. पोपटाच्या बाबतीत मात्र काळजीचा प्रश्न आणि कायद्याचा प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. तो गुंता कसा आहे आणि त्यातून वाट कशी काढायची, याचा हा आढावा.

पोपटाचा सांभाळ वेगळा का?

पोपट आजार लपवतो. निसर्गात अशक्त दिसणारा पक्षी शिकाऱ्याच्या नजरेत आधी भरतो, त्यामुळे ताकद संपत येईपर्यंत तो ठीकठाक असल्यासारखाच वागतो. पिसे फुलवून पिंजऱ्याच्या तळाशी बसलेला पोपट अननुभवी माणसाला ‘झोपाळलेला’ वाटतो. प्रत्यक्षात ती तातडीने डॉक्टरांकडे नेण्याची वेळ असते.

दुसरे कारण शरीराच्या आकाराचे. बजरी म्हणून ओळखला जाणारा पक्षी साधारण ३० ते ४० ग्रॅमचा, कॉकाटील ८० ते १०० ग्रॅमचा असतो. एवढ्या लहान शरीरात साठा फारसा नसतो. एक दिवस खाणे बंद झाले तरी जिवावर बेतू शकते. ‘दोन दिवसांचे दाणे-पाणी भरून ठेवले आहे’ ही व्यवस्था म्हणूनच धोक्याची. वाटीत दिसतात ती अनेकदा नुसती टरफले असतात आणि पाण्यात विष्ठा पडलेली असते.

तिसरे कारण स्वभावाचे. पोपट थव्यात राहणारा पक्षी आहे. पाळलेल्या पोपटासाठी घरातली माणसे हाच थवा. तो अचानक नाहीसा झाला तर काही पक्षी खाणे कमी करतात, सतत ओरडतात किंवा स्वतःची पिसे उपटतात.

घरातला ‘मिठू’ कायद्यात बसतो का?

नाही. आपल्याकडे घरोघरी दिसणारा हिरवा, गळ्यावर गुलाबी-काळी कडी असलेला पोपट आणि ‘पहाडी’ म्हणून विकला जाणारा मोठा पोपट हे दोन्ही भारतीय वन्यपक्षी आहेत. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार त्यांना पकडणे, विकणे, विकत घेणे आणि पाळणे हा गुन्हा असून त्यासाठी कैद आणि दंडाची तरतूद आहे. ‘पिल्लू झाडाखाली सापडले’ किंवा ‘वीस वर्षांपासून घरात आहे’ म्हणून तो पाळण्याचा हक्क मिळत नाही.

इथे पोपट सांभाळणाऱ्याचाही प्रश्न येतो. या कायद्याचे कलम ३९ मालकीपुरते मर्यादित नाही. परवानगीशिवाय असा प्राणी ‘ताब्यात, अभिरक्षेत किंवा नियंत्रणात’ ठेवण्यालाही त्यात मनाई आहे. म्हणजे पाच दिवसांसाठी पिंजरा घरात ठेवणारे शेजारीही कायद्याच्या कक्षेत येऊ शकतात. त्यांना याची कल्पना नसते आणि बहुतेक वेळा मालकालाही नसते.

याचा फटका शेवटी पक्ष्याला बसतो. व्यवहारच लपवावा लागत असल्याने लेखी नोंद होत नाही, जबाबदारी ठरत नाही आणि पक्षी आजारी पडला तर दवाखान्यात न्यायला सांभाळणारा कचरतो. सर्वांत जास्त संख्येने पाळला जाणारा पोपट नेमका सर्वांत बेभरवशाच्या व्यवस्थेत राहतो, तो यामुळे.

परदेशी पोपटांचे नियम काय?

आफ्रिकन ग्रे, मकाव, कोकाटू, सन कॉन्युर यांसारखे परदेशी पोपट पाळता येतात, मात्र नोंदणी करून. वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या ‘साइट्स’ कराराच्या परिशिष्टांत जवळपास सर्व पोपट आहेत. २०२२ मधील दुरुस्तीनंतर या प्रजातींचा समावेश आपल्या कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत झाला. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राने नोंदणीचे नियम अधिसूचित केले. त्यानुसार अशा पक्ष्याची नोंद ‘परिवेश २.०’ या पोर्टलवर करावी लागते. नवा पक्षी घेतल्यास ३० दिवसांची मुदत आहे. पक्षी दुसऱ्याला देणे, पिल्लांचा जन्म आणि मृत्यू यांचीही माहिती द्यावी लागते.

बजरी, कॉकाटील आणि गुलाबी चेहऱ्याचा लवबर्ड या प्रजाती साइट्सच्या यादीत नाहीत, त्यामुळे त्यांना ही नोंदणी लागू नाही. मात्र दुकानात ‘लवबर्ड’ म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक पक्ष्याला ही सूट मिळत नाही. फिशर्स लवबर्डसारख्या प्रजाती यादीत आहेत. त्यामुळे आपल्याकडे नेमकी कोणती प्रजाती आहे, हे आधी डॉक्टरांकडून खात्री करून घेतलेले बरे.

पक्षी सांभाळायला देताना नोंदणीची प्रत सोबत द्यावी. ती न मागता कोणताही पोपट ठेवून घेणारे केंद्र इतर बाबतींतही किती काटेकोर असेल, याचा विचार करावा.

घरी येणारा माणूस बरा की बोर्डिंग?

दोन्हींत फायदे-तोटे आहेत. पोपटासाठी आपलेच घर, आपलाच पिंजरा आणि ओळखीचे आवाज सर्वांत कमी तणावाचे. शिवाय दुसऱ्या पक्ष्यांकडून संसर्गाची भीती नाही. मात्र सांभाळणारा दिवसातून किमान दोनदा आला पाहिजे आणि प्रत्येक वेळी काही वेळ थांबला पाहिजे. घराची किल्ली देण्याइतका विश्वासही हवा.

बोर्डिंगमध्ये पूर्णवेळ देखरेख मिळू शकते, पण अनेक पक्षी एका खोलीत असतील तर रोग पसरण्याचा धोका वाढतो. पोपटांमधील चोच आणि पिसांचा विषाणूजन्य आजार पिसांच्या धुरळ्यातून व विष्ठेतून पसरतो. सिटाकोसिस हा जीवाणूजन्य आजार तर माणसालाही होऊ शकतो. चांगले केंद्र म्हणूनच प्रवेशाआधी तुमच्याकडे पक्ष्याच्या तपासणीचा दाखला मागते. हा अटकाव त्रासदायक वाटला तरी तीच विश्वासाची पहिली खूण आहे. ज्या खोलीत पोपट ठेवणार, तिथे कुत्री-मांजरे नसावीत. मांजराचा दात किंवा नख नुसते लागले तरी संसर्गाने पक्षी दगावू शकतो.

प्राण्यांच्या दुकानांसाठी २०१८ चे पेट शॉप नियम आहेत, मात्र ते विक्री डोळ्यांसमोर ठेवून केलेले आहेत. दुकानाची नोंदणी आहे म्हणजे तिथले बोर्डिंग चांगले आहे, असा अर्थ काढता येत नाही. प्रत्यक्ष पाहणीला पर्याय नाही.

विश्वासू माणूस ओळखायचा कसा?

‘तुम्हाला पक्ष्यांची आवड आहे का?’ या प्रश्नाला कुणीही ‘हो’ म्हणेल. त्याऐवजी उत्तरातून अनुभव कळेल असे प्रश्न विचारावेत.

• पोपट बाहेर सोडताना आधी काय करता? (अपेक्षित उत्तर : पंखा बंद, खिडक्या-दारे बंद, गॅस बंद, आरसा झाकलेला.)

• स्वयंपाकघर पिंजऱ्यापासून किती लांब आहे? नॉनस्टिक तवा जास्त तापला की त्याच्या लेपातून निघणारा वायू पक्ष्यांना काही मिनिटांत मारू शकतो. उदबत्ती, डासांची कॉइल, रूम स्प्रे यांचा धूर आणि फवाराही घातक.

• काय खायला देणार नाही? अव्होकॅडो, चॉकलेट, चहा-कॉफी, कांदा, खारवलेले फरसाण ही नावे यायला हवीत.

• पक्षी आजारी आहे, हे कशावरून ओळखाल? ‘विष्ठा बदलते, वजन उतरते, पिसे फुलवून बसतो, श्वास घेताना शेपूट हलते’ असे सांगणाऱ्याने खरोखर पक्षी सांभाळलेले असतात.

• तुमच्या ओळखीचे पक्ष्यांचे डॉक्टर कोण? सर्वच पशुवैद्य पक्ष्यांवर उपचार करत नाहीत. आपल्या पक्ष्याच्या डॉक्टरांनाच सांभाळणाऱ्याचे नाव विचारणे हा शोधाचा सर्वांत चांगला मार्ग.

यानंतर एका रात्रीची चाचणी घ्यावी. मोठ्या सुट्टीच्या दोन-तीन आठवडे आधी पोपट एक दिवस ठेवून पाहिला की तो खातो का, आणि सांभाळणारा फोनवर नेमकेपणाने माहिती देतो का, हे दोन्ही कळते.

निघण्यापूर्वी कोणती तयारी हवी?

एका कागदावर रोजचे वेळापत्रक, आहाराचे प्रमाण, झोपेची वेळ, घाबरवणाऱ्या गोष्टी आणि डॉक्टरांचा पत्ता लिहून द्यावा. पोपटाला साधारण १० ते १२ तास शांत झोप लागते. नेहमीचाच आहार पूर्ण दिवस पुरेल एवढा द्यावा, कारण प्रवासाच्या काळात आहार बदलू नये.

ग्रॅममध्ये मोजणारा स्वयंपाकघरातला वजनकाटा इथे मोठ्या कामाचा. निघण्याआधी आठवडाभर रोज सकाळी खाण्यापूर्वी वजन घेऊन सरासरी लिहून ठेवावी. सांभाळणाऱ्याने रोज वजन कळवावे. दहा टक्क्यांच्या आसपास घट दिसली तर वाट न पाहता डॉक्टर गाठावा. ९० ग्रॅमच्या कॉकाटीलसाठी ही घट फक्त ९ ग्रॅमची असते. ती डोळ्यांना दिसत नाही, काट्यावर दिसते.

दिवाळीत आणखी एक खबरदारी हवी. कॉकाटील अंधारात अचानक आवाज झाला की घाबरून पिंजऱ्यात आदळतात आणि पंख मोडून घेतात. फटाक्यांच्या दिवसांत पिंजरा आतल्या खोलीत, मंद दिवा चालू ठेवून असावा. उपचारासाठी किती खर्चापर्यंत परवानगी आहे आणि संपर्क झाला नाही तर निर्णय कोण घेणार, हेही लेखी ठरवावे. मध्यरात्री फोन लागत नाही तेव्हा हाच कागद पक्ष्याला वाचवतो.

ज्यांच्याकडे ‘मिठू’ आहे त्यांनी काय करावे?

सुट्टीसाठी कुणाच्या तरी गळ्यात घालणे किंवा ‘मुक्त करतो’ म्हणून गच्चीवरून सोडून देणे, हे दोन्ही चुकीचे. वर्षानुवर्षे पिंजऱ्यात राहिलेल्या पोपटाला दूरवर उडण्याची ताकद नसते, अन्न शोधता येत नाही आणि घार-कावळ्यांपासून बचावही जमत नाही. त्याला वनविभागाकडे सोपवणे हाच कायदेशीर मार्ग आहे. महाराष्ट्रात वनविभागाची १९२६ ही हेल्पलाइन त्यासाठी उपलब्ध आहे. तपासणीनंतर तो पुन्हा निसर्गात राहू शकेल की नाही, याचा निर्णय तज्ज्ञ घेतात.

घरातल्यांना हा निर्णय जड जातो, कारण तो पोपट घरातलाच झालेला असतो. पण ज्याला उघडपणे दवाखान्यात नेता येत नाही आणि ज्याला सांभाळणाऱ्यालाही कायद्याची भीती आहे, त्याच्यासाठी भरवशाची सोय सुट्टीपुरतीही उभी राहू शकत नाही. आणि नवा पोपट घेण्याचा विचार असेल, तर आफ्रिकन ग्रेसारखा पक्षी अनेक दशके जगतो, हे लक्षात ठेवून वर्षातले पंधरा दिवस त्याला कोण सांभाळणार, हे पिंजरा घेण्याआधी ठरलेले असावे.