मतदारसंघाची रेघ कोण ओढतंय, ते आधी बघा

पुढच्या लोकसभेला अजून वेळ आहे, पण आपल्याकडं गणितं सुरू झालीत. कोणाचं तिकीट कापणार, कोणत्या समाजाची किती मतं, सगळं टपरीवर तोंडपाठ. पण आपल्या लोकसभा मतदारसंघात नेमकं काय काय येतं, असं विचारलं की बरेच जण अडखळतात.

म्हणून आधी उजळणी. परभणी लोकसभेत विधानसभेचे सहा मतदारसंघ. जिंतूर, परभणी, गंगाखेड, पाथरी आपल्या जिल्ह्यातले. परतूर आणि घनसावंगी जालना जिल्ह्यातले. म्हणजे दोन कलेक्टर, दोन जिल्हा परिषदा, दोन एसपी आणि खासदार एक. घनसावंगीच्या शेतकऱ्याचं सगळं सरकारी काम जालन्याला आणि खासदार परभणीचा. परतूर १९८१ पर्यंत परभणी जिल्ह्यातच होतं. आता जिल्हा एकीकडं, मत दुसरीकडं. शेजारच्या हिंगोलीचं तर आणखी बघण्यासारखं. तिथं नांदेडचे किनवट, हदगाव आणि थेट विदर्भातलं उमरखेड जोडलंय. खासदाराचा वर्षाचा निधी ५ कोटी. तो सहा विधानसभांत वाटायचा, आणि काम झालं नाही की "ते त्या जिल्ह्याचं आहे" म्हणायला मोकळं.

ही रेघ देवानं ओढलेली नाही. न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या आयोगानं २००१ च्या जनगणनेवरून ती ओढली, २००८ ला लागू झाली आणि २००९ ची लोकसभा तिच्यावर झाली. त्याच फेऱ्यात आपल्या जिल्ह्यातला सिंगणापूर विधानसभा मतदारसंघ पुसला गेला. परभणी तालुक्यातली काही गावं पाथरीला जोडली गेली. तिकडं ठाणे जिल्ह्याच्या जागा १३ वरून २४ झाल्या. माणसं शहरात जातात, त्यांच्या मागं जागा जातात. आपली पोरं पुण्याला कंपनीत लागतात, तेव्हा आपण फक्त पोरगं नाही, आमदारकीचा एक तुकडाही तिकडं पाठवत असतो.

आता पुढचा फेरा दारात आहे. जनगणनेची अधिसूचना १६ जून २०२५ ला निघाली, संदर्भ तारीख १ मार्च २०२७. राज्याराज्यांतलं लोकसभेच्या जागांचं वाटप अजून १९७१ च्या लोकसंख्येवर गोठवलेलं आहे. २०२६ नंतरची पहिली जनगणना झाली की ही गोठवण उठते. महिलांचं एक तृतीयांश आरक्षणही २०२३ च्या कायद्यानं याच पुनर्रचनेला बांधलंय.

काही जण म्हणतील, हे दक्षिण-उत्तरचं भांडण आहे, आपल्याला काय? स्टॅलिन यांनी २२ मार्च २०२५ ला चेन्नईत बैठक घेतली ती तामिळनाडूच्या जागांसाठी. बरोबर. पण त्यांनी रेघ ओढायच्या आधी आवाज केला, एवढं तरी शिका.

आपला हिशोब साधा आहे. २०११ च्या जनगणनेनुसार राज्याची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख. जागा ४८. म्हणजे एका खासदारामागं सरासरी २३ लाखांवर माणसं. परभणी जिल्हा १८ लाख ३६ हजारांचा. म्हणून आपल्याला बाहेरचा तुकडा जोडावाच लागतो. राज्याच्या जागा चांगल्या वाढल्या तर सरासरी खाली येईल आणि अख्खा जिल्हा एका खासदारात बसू शकेल. नाही वाढल्या तर पुणे-ठाण्याची गर्दी आपला नकाशा अजून ताणणार. दोन्ही वेळेला प्रश्न एकच, परभणीची बाजू कोण मांडणार?

मागच्या कायद्यात आयोगासोबत प्रत्येक राज्यातून दहा सहयोगी सदस्य होते, पाच खासदार आणि पाच आमदार. त्यांना मताचा अधिकार नव्हता. अंतिम आदेश निघाला की कोर्टातही त्याला सहजासहजी हात लावता येत नाही. सामान्य माणसाला एकच खिडकी उघडी होती, प्रारूपावर हरकत आणि जाहीर सुनावणी. त्याच कायद्यात लिहिलं होतं की मतदारसंघ सलग असावा, प्रशासकीय हद्दी, दळणवळण आणि लोकांची सोय बघावी. हरकत घ्यायला यापेक्षा मजबूत मुद्दा कोणता पाहिजे?

पण आपले नेते हा मुद्दा काढणार नाहीत. त्यांना रेघेत लोकांची सोय दिसत नाही, स्वतःची मतपेढी दिसते. कोणतं सर्कल इकडं घेतलं की आपण सेफ, एवढंच. आणि आपण? २६ एप्रिल २०२४ ला मतदान केलं. संजय जाधव तिसऱ्यांदा निवडून आले, महादेव जानकर पडले. प्रचारभर घरचा की बाहेरचा, मराठा की ओबीसी. आधीच्या पिढीनं खान की बाण ऐकलं. दोन जिल्ह्यांत चिरलेल्या मतदारसंघावर एक सभा झाली का? नगरपालिकेच्या प्रभाग रचनेत गल्ली तुटली तर हरकतींचा गठ्ठा पडतो. लोकसभेत तालुके फिरले तर कोणी अर्जही करत नाही.

तेव्हा आत्ताच मागा. आजी-माजी खासदार, आमदार, इच्छुक, सगळ्यांकडून लेखी घ्या: तालुका फोडू देणार नाही, जिल्हा शक्यतो एका खासदारात ठेवू, आणि प्रारूप आलं की ते गावोगाव लावू. बार असोसिएशन, व्यापारी, शेतकरी संघटना, ग्रामपंचायती, ज्यानं त्यानं आपला ठराव तयार ठेवा. प्रारूप आल्यावर दिवस थोडे मिळतात.

नाहीतर "बनी तो बनी, नहीं तो परभणी" आहेच. सगळ्यांचं वाटून झाल्यावर उरलेला तुकडा आपल्याला शिवतील, आणि आपण पुन्हा टपरीवर जातीची मतं मोजत बसू.

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर कमेंटमध्ये भांडा, पण नकाशा समोर ठेवून.