विदूषकाचे बिऱ्हाड

आमच्या सौभाग्यवतींचे माहेर मालवणचे. तिकडे मासा कढईत जातो, काचेच्या पेटीत नव्हे. त्यामुळे दोन वर्षांपूर्वी आमच्या दिवाणखान्यात चार फुटी पेटी येऊन बसली, तेव्हा टोले मिळणार हे मी धरूनच चाललो होतो. पण पहिला टोला पडला तो मिठावरून. खाऱ्या पाण्यासाठी लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम खास मीठ लागते. पेटीत पाणी २५० लिटर; म्हणजे पावणेनऊ किलो!

"दारापासून दहा मिनिटांवर समुद्र, आणि तुम्ही गाळलेल्या पाण्यात विकतचं मीठ कालवताय?"

दादरला राहणाऱ्या माणसापाशी या प्रश्नाला उत्तर नाही. चौपाटीच्या पाण्यात काय काय मिसळते हे तिला सांगायला गेलो असतो, तर बाजारातल्या बांगड्यांवरही संकट आले असते. मी गप्प बसलो.

हट्ट मूळचा कन्येचा. २००३ सालचा तो 'फाइंडिंग नीमो' चित्रपट तिने इतक्या वेळा पाहिला की नारिंगी मासा आल्याशिवाय गत्यंतर उरले नाही. प्रवाळाचे रान उभारावे असे तिच्या मनात होते. पण आपल्याकडे दगडी प्रवाळांना वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे, म्हणून कृत्रिम खडकांवर भागवले. दुकानदाराने टोमॅटो क्लाऊन जातीची दोन पिटुकली पिल्ले दिली. नीमोची चुलत भावंडे म्हणा. "हौदातच पैदास झालेली आहेत, सर. अगदी गरीब जात," तो म्हणाला. विदूषक माशांची पैदास हौदात होते हे खरे; मंडपमच्या सरकारी संशोधन केंद्राने ती करून दाखवली आहे. पण हौदात जन्मल्याने स्वभाव गरीब होतो, हे शास्त्र त्याचे स्वतःचे!

मी पडलो मराठीचा मास्तर. विदूषक म्हटला की राजाचा मित्र, लाडूंचा भक्त आणि लढाईचे नाव निघताच अंग चोरणारा, अशी माझी समजूत. थोरल्याचे नाव 'शाकुंतला'वरून माढव्य ठेवले, धाकट्याचे 'मृच्छकटिका'वरून मैत्रेय. वर्षभरात माढव्य चांगला चार बोटे वाढला आणि त्याने डाव्या कोपऱ्यातला खडक आपला म्हणून जाहीर केला. काच पुसायला हात घातला की तो येऊन चावे. रक्त निघत नाही, पण अपमान होतो.

गेल्या श्रावणात कन्येच्या दहाव्या वाढदिवसाला मी फायरफिश आणला. पुढून पांढरा, मागून निखाऱ्यासारखा लाल, पाठीवर तुरा. दिसायला राजपुत्र, स्वभावाने ससा. घाबरला की बिळात शिरतो आणि बीळ मिळाले नाही तर पाण्याबाहेर उडी घेतो. माढव्याने तीन दिवस त्याला वरच्या कोपऱ्यात दाबून धरले. चौथ्या दिवशी केर काढताना तो कोचाखाली सापडला, कडक झालेला.

कन्या रडली नाही. "माढव्यला आजच्या आज घरातून काढा," एवढेच म्हणाली.

मी दुकानात जायचे कबूल केले आणि तो दिवस टाळत राहिलो. दरम्यान पुस्तके चाळली, आणि पहिला धक्का बसला तो माढव्याच्या जातीचा. हे मासे सगळे नर म्हणून वाढतात. टोळीत जो सर्वांत मोठा आणि दांडगा, त्याची मादी होते. दुसऱ्या क्रमांकाचा तिचा नवरा. तेव्हा माढव्य कधीच बाई झाला होता! पुढच्याच आठवड्यात खडकावर नारिंगी अंड्यांचा ठिपक्याठिपक्यांचा गालिचा दिसला. मैत्रेय बिचारा दिवसभर परांनी त्याला वारा घालीत होता, आणि बाईसाहेब पहाऱ्यावर. सौभाग्यवती प्रथमच पेटीसमोर खुर्ची घेऊन बसल्या. "बरोबर आहे तिचं," एवढाच अभिप्राय.

आणि तिला घालवून तरी काय साधणार? मादी नाहीशी झाली की काही आठवड्यांत नवराच मादी होऊ लागतो. मैत्रेयाची मैत्रेयी झाली असती, आणि पेटीत कारभार तोच राहिला असता.

शेवटी उपाय केला तो घरमालकिणीचे घरच हलवण्याचा. अंडी फुटण्याची वाट पाहिली. आठव्या रात्री दिवे मालवल्यावर ती फुटली. सकाळी एकही पिल्लू दिसले नाही. पाणी गाळणाऱ्या यंत्राने सगळी ओढली. कन्या बराच वेळ त्या रिकाम्या खडकाकडे पाहत राहिली. 'काढा' हा शब्द त्यानंतर तिने उच्चारला नाही. मग बाईंना भोकाच्या डब्यात आठवडाभर स्थानबद्ध केले, खडक उचलून पार उलटे रचले, आणि त्या अवधीत कोरल ब्यूटी नावाचा निळाजांभळा, अंगापेराने भक्कम मासा आत सोडला. बाई सुटल्या तेव्हा ओळखीचा कोपराच नव्हता आणि नवा भाडेकरू जुना झाला होता. दोन दिवस धक्काबुक्की चालली. मग दोघांनी डावे-उजवे वाटून घेतले. भांडखोर मासा सर्वांत शेवटी पेटीत सोडावा, हे मला आधी कोणी सांगितले असते तर!

पण एक गोष्ट मला आधीच ठाऊक होती. फायरफिश उडी मारतो, पेटीवर जाळी लावा, असे दुकानदाराने बजावून सांगितले होते. जाळी मी त्याच दिवशी घेतलीही होती. पेपर तपासायचे होते म्हणून लावायची राहिली, आणि सगळा दोष माढव्यावर जाऊ दिला.

यंदा दिवाळीची झाडझूड करताना कन्येला ती गुंडाळी पेटीमागे सापडली. वर पावती तशीच टाचलेली. तिने तारीख वाचली, माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, "माझ्याकडून राहिली, बाळ." ती आत गेली आणि कात्री घेऊन आली.

तीन बाजू तिने लावल्या. चौथी लावताना माझे बोट पाण्यात गेले, आणि माढव्य कडकडून चावली.