वायफायच्या दोन किल्ल्या

मैत्रिणींनो, रात्री निजण्यापूर्वी आपण गॅसचं बटण बघतो, दाराची कडी बघतो. पण हॉलच्या कोपऱ्यात लुकलुकणाऱ्या वायफायच्या डब्याकडे, म्हणजे राउटरकडे, सहसा कुणी बघत नाही. 'ते यांचं खातं' म्हणून आपण मोकळ्या होतो! पण तेही घराचं दारच आहे, बरं का.

२६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांना एक ईमेल गेला होता. त्याचा माग काढत पोलीस पोचले नवी मुंबईत, सानपाड्याच्या एका घरी. तिथल्या गृहस्थांचं वायफाय बिनकुलपाचं होतं. ते वापरून भलत्याच कुणीतरी ईमेल पाठवला होता. चौकशीला मात्र त्या गृहस्थांना तोंड द्यावं लागलं.

आता बहुतेक घरी वायफायला पासवर्ड असतो. मग काळजी कसली? तर राउटरला किल्ल्या दोन असतात. पहिली वायफायची, जी आपण पाहुण्यांनाही देतो. दुसरी खुद्द राउटरच्या सेटिंगची. ती पुष्कळ ठिकाणी कारखान्यातून आली तशीच राहते. नावही 'अॅडमिन' आणि पासवर्डही 'अॅडमिन'! २०१६ साली 'मिराई' नावाच्या घातक प्रोग्रॅमने अशाच सुमारे साठ ठरावीक जोड्या वापरून जगभरचे लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले. दुसरी किल्ली ज्याच्या हाती, तो आपल्याला बँकेऐवजी खोट्या पानावरही नेऊ शकतो.

तेव्हा या रविवारी एवढं कराच :

१. राउटरच्या पाठीवरच्या चिठ्ठीवर सेटिंगचा पत्ता असतो. तो उघडून दुसरी किल्ली आधी बदला.

२. वायफायचा पासवर्ड मुलांच्या नावाचा किंवा फोन नंबरचा नको. एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द जोडा. लक्षात राहतात आणि ओळखायला अवघड.

३. 'डब्ल्यूपीएस' बंद करा. त्याचा पिन आठ आकडी दिसतो, पण तो दोन तुकड्यांत तपासला जातो आणि शेवटचा आकडा आधीच्या सातांवरून ठरतो. त्यामुळे फार तर अकरा हजार प्रयत्नांत तो सापडतो, हे २०११ मध्येच उघड झालं.

४. सुरक्षेच्या प्रकारात 'डब्ल्यूपीए३', ते नसेल तर 'डब्ल्यूपीए२' निवडा. 'डब्ल्यूईपी' हे जुनं कुलूप मिनिटांत उघडतं.

५. 'अपडेट' दिसलं तर टाळू नका. कंपनीने अपडेट देणं थांबवलं असेल, तर डबा चालत असला तरी बदलावा.

६. पाहुण्यांसाठी 'गेस्ट' नावाची वेगळी सोय असेल, तर ती वापरा.

स्वतःला जमत नसेल, तर ब्रॉडबँडवाल्याच्या माणसाकडून समोर बसून करून घ्या. नवे पासवर्ड मात्र तो गेल्यावर स्वतःच्या हाताने घाला आणि डाळीच्या हिशेबाच्या वहीत नव्हे, कपाटात कुलपाखाली ठेवा. घराच्या किल्ल्या आपण सुताराकडे ठेवतो का?