आकाशाला जामीनदार

कपाशीच्या पऱ्हाट्या निघाल्या की आमच्या असोद्याच्या रिकाम्या शेतांत पोरांचे क्रिकेट सुरू होते. परवा एक विमान डोक्यावरून गेले, तसा गोलंदाज धाव अर्ध्यावर टाकून वर पाहत उभा राहिला. क्रिकेटपटू व्हायचे की वैमानिक, यावर मग खेळापेक्षा वादच रंगला. मला हरदितसिंग मलिक आठवले. त्यांनी दोन्ही साधले होते.

1894 साली रावळपिंडीत जन्मलेला हा मुलगा चौदाव्या वर्षी विलायतेला गेला, ऑक्सफर्डच्या बॅलियल कॉलेजात शिकला आणि 1914 मध्ये ससेक्सकडून काउंटी क्रिकेट खेळला. ससेक्स म्हणजे रणजींचा संघ. तिथे शीख तरुणाच्या पगडीचे कुणाला वावडे नव्हते. त्याच वर्षी महायुद्ध पेटले. बरोबरीचे मित्र अधिकारी होऊन आघाडीवर गेले. मलिकांना मात्र सैन्यात अधिकारपद मिळेना. मैदानावर चालणारा गडी कचेरीच्या दारात परका ठरला.

ते फ्रान्सला गेले आणि 1916 मध्ये तिथल्या रेडक्रॉसची रुग्णवाहिका चालवू लागले. पुढे फ्रेंच हवाई दल त्यांना घ्यायला तयार झाले. हे कळताच त्यांचे ऑक्सफर्डचे गुरू फ्रान्सिस अर्कहार्ट यांनी जनरल हेंडरसन यांना पत्र लिहिले. ब्रिटिश साम्राज्याचा प्रजाजन फ्रेंचांसाठी लढणार असेल, तर ती आपल्याच नामुष्कीची गोष्ट, असा त्याचा आशय. 1917 च्या एप्रिलमध्ये मलिक रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये दाखल झाले.

मी उभी हयात बँकेत काढली. अर्जदार तोच, कागद तेच. पण जामीनदार वजनदार निघाला की फाइल कशी पळते, हे मी पाहिले आहे आणि, खोटे कशाला सांगू, काही फायली मीही पळवल्या आहेत. अर्कहार्टांचे ते पत्र म्हणजे असाच जामीन होता. ज्यांना असा गुरू लाभला नाही, त्यांचे अर्ज कुठे गेले असतील?

मलिकांनी पगडी उतरवली नाही. तीवर बसेल असे मोठे हेल्मेट करून घेतले. 26 ऑक्टोबर 1917 रोजी त्यांच्या कॅमल विमानाला जर्मनांनी घेरले. पायात गोळ्या शिरल्या, विमानाला चारशेहून अधिक भोके पडली, तरी ते जिवंत उतरले. तोच पाय घेऊन 1921 मध्ये ते पुन्हा ससेक्सकडून खेळले! पुढे सनदी नोकरी, कॅनडात उच्चायुक्तपद, फ्रान्समध्ये राजदूतपद. 1985 साली, नव्वदी पूर्ण करून ते गेले.

त्या युद्धात उडालेल्या मोजक्या हिंदी वैमानिकांत एक मुंबईचा होता, श्रीकृष्ण वेलिंकर. केंब्रिजला शिकलेला हा तरुण तेविसाव्या स्क्वाड्रनमधून डॉल्फिन विमान चालवी. 1918 च्या जूनअखेर तो गस्तीवरून परतला नाही. जखमी अवस्थेत जर्मनांच्या हाती सापडला आणि 30 जूनला कैदेतच वारला. त्याला ना राजदूतपद मिळाले, ना आठवणी सांगायला म्हातारपण. मलिकांविषयी लिहिले-बोलले जाते, ते योग्यच आहे. पण मराठी घरांत वेलिंकर हे नाव उच्चारले की, हे कोण, असे विचारतात.

शेतातल्या त्या पोरांना मी दोघांचीही गोष्ट सांगितली. गोलंदाजाने मलिकांविषयी काहीच विचारले नाही. वेलिंकरची समाधी कुठे आहे, एवढेच विचारले. फ्रान्समध्ये, हँगार्ड नावाच्या गावी, मी म्हणालो. त्याने ते नाव दोनदा म्हणून पाहिले आणि चेंडू घेऊन तो पुन्हा धावेच्या टोकाशी गेला.