भट्टीतील मळी आणि समुद्रकाठची घरे

मुंबईसारख्या समुद्राला खेटून वसलेल्या शहरात काँक्रीटची इमारत अकाली म्हातारी होते, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. खाऱ्या हवेने आतील सळई गंजून फुगते आणि छताचे पोपडे माणसांच्या अंगावर पडू लागतात. या दुखण्याला पुष्कळ अंशी आवर घालणारे एक द्रव्य आपल्या हाताशी आहे. परंतु ते पोलाद कारखान्याच्या उकिरड्यावरून येते, एवढ्याच कारणाने आपण नाक मुरडत आलो आहोत.

झोतभट्टीत वितळलेल्या लोखंडावर जी मळी तरंगते तिला स्लॅग म्हणतात. आपल्याकडे एक टन लोखंडामागे ती साधारणतः ३०० ते ४०० किलो निघते. ही रसरशीत मळी सावकाश थंड होऊ दिली तर तिची केवळ खडी होते. तीच पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने क्षणार्धात निवविली तर काचेसारखे दाणे होतात, आणि ते बारीक दळले की त्यांच्या अंगी सिमेंटचा गुण येतो. मात्र तो गुण निद्रिस्त असतो. नेहमीच्या सिमेंटमधून सुटणाऱ्या चुन्याची संगत मिळाली म्हणजे जागा होतो. जर्मनीत एमिल लांगेन यांच्या हे १८६२ साली ध्यानात आले. आपल्याकडे स्लॅग सिमेंटचे भारतीय मानक १९५३ सालीच निघाले, आणि आज त्यात ७० टक्क्यांपर्यंत मळीस मुभा आहे. तरीही ‘भेसळीचे सिमेंट’ ही कुजबुज थांबत नाही!

वस्तुतः असे काँक्रीट अधिक घट्ट विणीचे होते आणि समुद्राच्या क्षारांना सळईपर्यंत सहजी पोहोचू देत नाही. शिवाय चुनखडी सुमारे १४५० अंशांवर भाजून सिमेंट करताना कर्बवायूचे जे लोट उठतात, ते मळी मिसळल्याने तेवढ्या प्रमाणात वाचतात. हा खरोखरीच कोंड्याचा मांडा होय.

मग अडते कोठे? आमच्या मते घाईत. स्लॅगचे काँक्रीट पहिल्या आठवड्यात मागे राहते; पुढे ते बरोबरी गाठते व पुष्कळदा वरचढही ठरते. तोवर त्यावर नेमाने पाणी मारावे लागते. आठवड्यास स्लॅब टाकू पाहणाऱ्या कंत्राटदारास हा धीर नसतो. पाणी चुकविले तर हेच काँक्रीट इतरांहून अधिक बिघडते, आणि दोष मात्र मळीच्या माथी येतो.

येथे एक सावधगिरी हवी. लोखंडाचे पोलाद करताना निघणारी मळी निराळी. तिच्यातील मोकळा चुना मागाहून फुगतो. सुरतेजवळ हजिरा येथे २०२२ साली तिचा रस्ता झाला, तो खडी म्हणून. सिमेंट म्हणून ती सरसकट खपविणे धोक्याचे. केंब्रिज विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२४ साली निराळीच वाट दाखविली: विजेच्या भट्टीत चुन्याऐवजी पाडलेल्या इमारतींतील जुने सिमेंट घालावयाचे, म्हणजे तेथील मळीच क्लिंकर होऊन बाहेर येते. या प्रयोगाकडे आपल्या कारखानदारांनी लक्ष ठेवावे, कारण झोतभट्ट्या काही अमर नव्हेत. वेल्समधील पोर्ट टॅलबटची शेवटची झोतभट्टी २०२४ सालीच विझली.

आपल्याकडे त्या अद्याप धगधगत आहेत. अगदी रायगड जिल्ह्यात, डोलवीस. तेव्हा किनाऱ्यालगतच्या प्रत्येक सार्वजनिक कामाच्या निविदेत स्लॅगचे किमान प्रमाण आणि पाणी मारण्याचे दिवस, दोन्ही लिहिलेले असावेत, आणि ते दिवस मोजणारा अभियंता जागेवर असावा. पुनर्विकासाच्या करारावर सही करणाऱ्या गृहसंस्थांनीही लाद्यांचा रंग ठरविण्यापूर्वी विकासकास विचारावे, की पायात कोणते सिमेंट घालणार आणि त्यावर पाणी किती दिवस मारणार.