सशाचा माग

मिकी माऊस माहीत नाही असे घर मराठी मुलखात आता शोधूनच काढावे लागेल. मुलांच्या दप्तरावर तो असतो, पाण्याच्या बाटलीवर असतो, वाढदिवसाच्या केकवर तर हमखास असतो. एका बारशाला पाळण्यामागच्या पडद्यावरही मी त्याला पाहिले आहे. शेजारीच लोण्याचा गोळा हाती घेतलेला बाळकृष्ण होता आणि दोघांचे बरे चालले होते. परंतु या उंदराच्या आधी त्याच घरात एक ससा जन्मला होता, आणि तो ससा हातचा गेला म्हणून उंदराचा जन्म झाला, ही हकिगत फार थोड्यांच्या कानावर आलेली असते. त्याहून नवलाची गोष्ट पुढेच आहे. या सशाची बरीचशी चित्रे काळाच्या ओघात नाहीशी झाली, आणि अलीकडच्या काही वर्षांत ती जगाच्या चार कोपऱ्यांतून एकेक करून सापडू लागली. एखाद्या रहस्यकथेला शोभावी अशी ही शोधाशोध आहे. फरक इतकाच, की हिच्यात खून नाही आणि गुप्तहेर बहुधा चष्मा लावून याद्या वाचत बसलेले असतात.

सशाचे नाव ऑस्वल्ड. लांब काळे कान, आखूड विजार आणि अंगात नाना कळा. पाश्चात्त्य लोक सशाचा पाय शुभ मानतात. तेव्हा संकट आले की हा पठ्ठ्या स्वतःचाच पाय उपटून काढी, त्याचा मुका घेई आणि शकुन म्हणून अंगावरून फिरवी! १९२७ साली युनिव्हर्सल या चित्रपट कंपनीला कार्टूनची मालिका हवी होती. चार्ल्स मिंट्झ नावाच्या मध्यस्थाने ते काम हॉलिवूडमधल्या एका लहानशा कारखान्याला दिले. कारखान्याचा मालक वॉल्ट डिस्ने आणि त्याचा उजवा हात, म्हणजे खरोखरीच चित्रे काढणारा हात, अब आयवर्क्स. ५ सप्टेंबर १९२७ रोजी ‘ट्रॉली ट्रबल्स’ हे पहिले मूकचित्र लोकांपुढे आले आणि ससा लोकांना आवडला.

ससा चालला, तसा डिस्नेला हुरूप आला. १९२८ च्या फेब्रुवारीत तो न्यूयॉर्कला गेला. दर चित्रामागे थोडे पैसे वाढवून मिळावेत, एवढीच त्याची मागणी होती. मिंट्झने वाढवून देणे दूरच, आधीच्याहून कमी देऊ केले. आणि वर सांगितले की तुझे बहुतेक चित्रकार मी आधीच माझ्याकडे वळवले आहेत. करारपत्र उघडून पाहावे, तर ससा युनिव्हर्सलच्या मालकीचा! पोर आपले, पण नाव दुसऱ्याच्या दप्तरी. त्या वेळी डिस्नेचे वय सव्वीस होते आणि त्याच्या कारखान्यातून निघालेली ऑस्वल्डची चित्रेही एकंदर सव्वीसच भरली. आयवर्क्स तेवढा त्याला सोडून गेला नाही. सशाचे कान आखूड आणि वाटोळे करून, शेपटी लांबवून दोघांनी एक उंदीर उभा केला. १८ नोव्हेंबर १९२८ रोजी न्यूयॉर्कच्या कॉलनी थिएटरात ‘स्टीमबोट विली’ लागले, आणि पुढचे सारे जग जाणतेच.

इकडे ससा परक्या घरी वाढला. वॉल्टर लँट्झ या चित्रकाराने त्याची पुष्कळ चित्रे काढली, पण हळूहळू लोकांना त्याचा विसर पडला. डिस्ने १९६६ साली वारला. तोवर काही ससा घरी परतला नव्हता. परतला तो २००६ साली, आणि कसा म्हणाल? डिस्ने कंपनीच्या दूरचित्रवाणी जाळ्यावर अल मायकल्स नावाचे नामांकित क्रीडा समालोचक होते. त्यांना प्रतिस्पर्धी जाळ्याकडे जायचे होते, आणि ते जाळे युनिव्हर्सलच्याच कुटुंबातले. डिस्नेने त्यांना मोकळे केले आणि बदल्यात इतर काही गोष्टींबरोबर ससा मागून घेतला. जिताजागता माणूस देऊन कागदावरचा ससा घेण्याचा असा व्यवहार दुसरा झाला नसेल. आपल्याकडे एखाद्या क्रिकेट समालोचकाच्या बदल्यात कोणी चिमणराव मागितला, तर कसे वाटेल?

मालकी मिळाली खरी. पण माल कुठे होता? २००७ साली कंपनीने या सशाच्या जुन्या चित्रांचा संच काढला, तेव्हा सव्वीसांपैकी तेरा चित्रे त्यात घेता आली. निम्मा ससा हक्काच्या कागदावर होता आणि पडद्यावर नव्हता.

आता एवढी नावाजलेली चित्रे हरवतात कशी, असे कोणीही विचारील. उत्तर त्या फितीतच आहे. त्या काळची चित्रफीत नायट्रेटची असे, आणि तिचे नाते बंदुकीच्या दारूऐवजी वापरतात त्या स्फोटक कापसाशी. ती पेटली की जळायला लागणारा प्राणवायू स्वतःच पुरवते. पाण्यात बुडवली तरी विझत नाही. पेटली नाही तर कुजते. आधी चिकट होते, मग तिची भुकटी होते. शिवाय बोलपट आल्यावर मूकपटांना कोण विचारतो? ठेवायला जागा लागे, आगीची धास्ती असे. तेव्हा कित्येक चित्रे त्यांतली चांदी काढून घेण्यासाठी वितळवण्यात आली. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत असे दिसले, की तिथल्या पूर्ण लांबीच्या मूकपटांपैकी शेकडा चौदाच आपल्या मूळ रूपात उरले आहेत. मोठ्यांची ही गत, तर सहा मिनिटांच्या सशाची काय कथा!

पण ससा चपळ. तो सापडू लागला.

२०११ साली इंग्लंडमधल्या हंटली या खाजगी चित्रसंग्रहात ‘हंग्री होबोज’ निघाले. मालगाडीतून फुकट प्रवास करणाऱ्या दोन भुकेल्या भटक्यांची ही गंमत. लॉस एंजेलिसला त्याचा लिलाव झाला आणि एकतीस हजारांवर डॉलर आले. चित्र अखेर डिस्ने कंपनीकडेच आले. आपल्याच घरातली वस्तू लिलावातून परत आणावी लागली, म्हणा ना.

२०१४ साली पाळी नॉर्वेची. उत्तर ध्रुववृत्ताच्या जवळ मो इ राना नावाचे गाव आहे. तिथे डोंगराच्या पोटात नॉर्वेच्या राष्ट्रीय ग्रंथालयाची भांडारे आहेत. जुन्या नायट्रेट फितींची नोंद करताना दोन रिळे हाती आली. डब्यावर नॉर्वेजियन भाषेत नाव होते, त्याचा अर्थ ‘रिकामे मोजे’. अनाथ मुलांसाठी सांताक्लॉज झालेल्या ऑस्वल्डचे हे १९२७ मधले नाताळचित्र, ‘एम्प्टी सॉक्स’. तोवर त्याचा जेमतेम पंचवीस सेकंदांचा तुकडा न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात होता. आता मधला थोडासा भाग सोडून सारे चित्र मिळाले.

पुढच्या वर्षी लंडनमध्ये तर कमालच झाली. एक संशोधक ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटची सूची चाळत होता. सूचीत ‘स्ले बेल्स’ असे सरळ, स्वच्छ नाव लिहिलेले! लंडनच्या सोहो भागातली एक प्रयोगशाळा बंद पडली, तेव्हा १९८१ साली तिच्याकडच्या फिती संस्थेकडे आल्या होत्या. त्यांत हा ससा आला. चौतीस वर्षे तो यादीत नाव लावून हजर होता. हजेरी घेणारा कोणी नव्हता. डिसेंबर २०१५ मध्ये लंडनच्या प्रेक्षकांनी तो बर्फावर हॉकी खेळताना पाहिला.

परंतु सर्वांत गोड हकिगत जपानची. ओसाका शहरात दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दिवसांत एका शाळकरी मुलाने खेळण्यांच्या घाऊक दुकानातून पाचशे येन देऊन एक छोटी चित्रफीत घेतली. थिएटरांतून फिरून आलेल्या चित्रांचे तुकडे मुलांच्या घरगुती यंत्रांसाठी विकण्याचा उद्योग जपानात बराच चाले. मुलगा मोठा झाला. त्याचे नाव यासुशी वातानाबे. पुढे त्याने जपानी कार्टूनपटांच्या इतिहासावर लिहिले आणि त्या विषयातला जाणकार म्हणून नाव कमावले. फीत त्याने जपून ठेवली. २०१७ साली डेव्हिड बॉसर्ट यांनी ऑस्वल्डच्या हरवलेल्या चित्रांच्या शोधावर पुस्तक लिहिले. ते वातानाबे यांच्या वाचनात आले आणि त्यांच्या मनात पाल चुकचुकली. कपाटातली फीत तपासली, तर ती १९२८ मधली ‘नेक अँड नेक’ निघाली! ऑस्वल्ड आणि त्याची मैत्रीण मोटारीतून सुसाट निघाली आहेत आणि मागे मोटारसायकलवर पोलीस कुत्रा लागला आहे. पाच मिनिटांपैकी दोनेक मिनिटेच उरली आहेत, पण उरली आहेत. ही बातमी २०१८ साली जगभर झाली, तेव्हा वातानाबे चौऱ्याऐंशी वर्षांचे होते.

गंमत पुढेच आहे. दुकानदाराने त्या फितीला जे नाव दिले होते, त्यात ऑस्वल्डचा पत्ता नव्हता. नाव होते ‘मिकी मांगा स्पिडे’! ज्याच्या जाण्याने मिकी जन्मला, तो थोरला भाऊ सत्तर वर्षे धाकट्याच्या नावाखाली सुखरूप झोपला होता. मिकीचे नाव नसते तर ती फीत त्या दुकानात तरी आली असती का, कोण जाणे.

मराठीचा मास्तर सशाच्या मागे कुठे लागला, असे तुमच्या मनात येईल. पण वाचकहो, आमच्या धंद्यात याच गोष्टी चालतात. बाडावर नाव एका ग्रंथाचे, आत निघतो दुसराच. पहिले पान गहाळ, म्हणून कर्ता अज्ञात. महानुभावांचे ग्रंथ सांकेतिक लिपीत होते. मठांतून ते पुजले जात, जपले जात, पण बाहेरच्या अभ्यासकाला कित्येक शतके वाचता येत नव्हते. राजवाड्यांनी १९०९ साली ज्ञानेश्वरीची आवृत्ती काढली ती एका जुन्या पोथीवरून. आणि ती पोथी कोणीतरी कुठेतरी उंदरांपासून, वाळवीपासून जपली होती म्हणूनच. ‘हरवले’ हा शब्द आपण फार सैलपणे वापरतो. जळून गेले ते गेले, त्याला इलाज नाही. पण पुष्कळ वेळा वस्तू जागच्या जागी असते. हरवलेला असतो तो तिच्यावरचा योग्य शब्द. ऑस्वल्डच्या हकिगतीत म्हणूनच दोन माणसे लागली: एक न टाकणारा आणि दुसरा वाचणारा. ओसाकाच्या मुलाने नुसतीच जपणूक केली असती आणि पुढे पुस्तक वाचले नसते, तर फीत मिकीच्याच नावाने संपली असती.

आपल्याकडे अशा शोधाला जागा आहे, आणि दुःखही आहे. दादासाहेब फाळक्यांनी १९१५ च्या सुमारास आगपेटीतल्या काड्या पडद्यावर नाचवल्या होत्या. ‘आगकाड्यांची मौज’ हे त्याचे नाव. निर्जीव वस्तूला एकेका चौकटीने चालवण्याचा आपल्या देशातला तो अगदी आरंभीचा खेळ, आणि तो आपण आज पाहू शकत नाही. ‘राजा हरिश्चंद्र’चे काही भागच हाती उरले आहेत, आणि १९३१ मधल्या ‘आलम आरा’ या आपल्या पहिल्या बोलपटाची प्रत मिळालेली नाही. १९६४ साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघाले. पी. के. नायर यांनी फाळक्यांच्या कुटुंबीयांकडून आणि जुन्या चित्रपटवाल्यांकडून डबे मिळवत जन्म घालवला, म्हणून आहे तेवढे तरी आहे. तरीसुद्धा जानेवारी २००३ मध्ये पुण्यात नायट्रेट फितींच्या कोठाराला आग लागली आणि जतन करून ठेवलेलेही पुष्कळ गेले. जपणाऱ्याच्या हातूनही वस्तू जाते. म्हणून तर एकाच्या भरवशावर बसू नये.

दिवाळीच्या तोंडावर घरोघर पोटमाळे रिकामे होतात. गंजलेल्या ट्रंका खाली येतात, आजोबांची पत्रे, आत्याच्या लग्नाची छायाचित्रे, कधीतरी चालवलेल्या यंत्राची रिळे बाहेर पडतात, आणि रद्दीवाला जिन्यात तराजू घेऊन उभाच असतो. सारे ठेवा असे मी म्हणणार नाही. सारे ठेवले तर माणसांनी कुठे राहायचे, हा घरातल्या बायकांचा सवाल रास्त आहे. माझी विनंती लहान आहे. तराजूत टाकण्यापूर्वी झाकण उघडून पाहा. छायाचित्राच्या मागे पेन्सिलीने नावे आणि साल लिहा. ज्यांना ती नावे ठाऊक आहेत त्या वडीलधाऱ्यांना या दिवाळीतच विचारा, पुढच्या दिवाळीचा भरवसा धरू नका. जुनी चित्रफीत निघाली तर उन्हात टाकू नका, दिव्यापाशी नेऊ नका, पोरांच्या हाती फटाक्यांबरोबर तर मुळीच देऊ नका; आधी जाणत्याला दाखवा. आणि डब्यावरच्या चिठ्ठीवर एकदम विश्वास ठेवू नका. वर मिकी लिहिले असेल आणि आत ससा असेल.

ऑस्वल्डची काही चित्रे अजूनही मिळायची आहेत. काड्या तर आपल्याच आहेत.