‘पुन्हा सुरू करून पाहा’ हे उत्तर नव्हे

२०१५ मध्ये ४,५०० कोटी रुपयांच्या राष्ट्रीय महासंगणन अभियानाला मंजुरी मिळाली. २६ सप्टेंबर २०२४ रोजी पुणे, दिल्ली व कोलकाता येथील ‘परम रुद्र’ महासंगणकांचे लोकार्पण झाले. चर्चा झाली ती वेगाची. विदा ज्या वाटेने साठवणयंत्रापर्यंत पोहोचते त्या वाटेची बातमी मात्र होत नाही. आणि महाविद्यालयीन प्रयोगशाळेतील साध्या लिनक्स संगणकाचा घात होतो तो बहुधा तेथेच.

प्रसंग परिचित आहे. वीज जाते, परत येते, संगणक सुरू होतो. पण नेटवर्कवरील सामायिक साठा जोडला जात नाही. यावर दोन तोडगे लोकप्रिय आहेत: संगणक पुन्हा सुरू करणे, किंवा आरंभीच्या स्क्रिप्टमध्ये ‘स्लीप ३०’ घुसडणे. हे निदान नव्हे, अज्ञानाला दिलेली मुदतवाढ आहे. प्रयोगात कार्यकारणभाव शोधण्यास शिकवलेला विद्यार्थी संगणकापुढे मात्र नवस बोलू लागतो.

वास्तविक कारणात गूढ काही नाही. सिस्टिमडी अनेक कामे समांतर सुरू करते. ‘नेटवर्क टार्गेट’ गाठले म्हणजे नेटवर्क वापरण्याजोगे झाले, असे नव्हे. त्यासाठी ‘नेटवर्क-ऑनलाइन टार्गेट’ लागते आणि त्याच्यासाठी थांबणारी ‘वेट-ऑनलाइन’ सेवाही सक्षम असावी लागते. तेवढ्यानेही भागत नाही, कारण त्याच वीजखंडात बंद पडलेला सर्व्हर अजून उठलेला नसतो. तेथे ‘ऑटोमाउंट’ उपयोगी पडते: साठ्याला पहिल्यांदा हात लागेल तेव्हाच जोडणी होते. नेमके काय बिनसले हे ‘जर्नलसीटीएल’ वेळेनिशी सांगते. ते वाचण्याचे कष्ट तेवढे घ्यावे लागतात.

खरा धोका पुढे आहे. संगणक अडू नये म्हणून एफएसटॅबमध्ये ‘नोफेल’ लिहिले जाते. साठा जोडला गेला नाही तरी त्याच्या जागेची रिकामी डिरेक्टरी शिल्लक राहते आणि प्रोग्रॅम तक्रार न करता स्थानिक डिस्कवर लिहीत राहतो. पुढे साठा जोडला गेला की त्या फायली त्याच्याखाली झाकल्या जातात. विदा नष्ट झालेली नसते, पण दिसतही नाही. आणि उरलेल्या अर्धवट विदेवर विश्लेषण बिनबोभाट पार पडते. चुकीचा निष्कर्ष असा जन्मतो. सेवेच्या व्याख्येत ‘रिक्वायर्स-माउंट्स-फॉर’ ही एक ओळ असती, तर साठ्यावाचून ती सेवा सुरूच झाली नसती.

‘हे संशोधकाचे काम नव्हे’ हा युक्तिवाद नेहमीचा आहे. तुलेचे अंशांकन न तपासणाऱ्या रसायनशास्त्रज्ञाची मोजमापे कोणी ग्राह्य धरत नाही. मग साठ्याची जोडणी न तपासणाऱ्याची विदा का ग्राह्य धरावी? अभ्यासक्रमात नोंदी वाचण्याचे शिक्षण हवे, प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात प्रणाली-प्रशासकाचे पद हवे. पेटाफ्लॉप विकत घेता येतात. विदेची विश्वासार्हता रोज सांभाळावी लागते.